चार नंबरचा बोअर

हौसेराव मुळीक एकतीस वर्षं बोअर मारत होता आणि दगडाबद्दल तो सहसा मत देत नसे. किती खोलीवर काय निघालं ते वहीत लिहायचं, मत मॅडमनी द्यायचं, असा त्याचा शिरस्ता. त्यामुळे १९९६च्या जानेवारीत एका सकाळी तो मशीन बंद करून, हात पुसत स्वतः वैजयंतीच्या जीपपाशी चालत आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे तिच्या लक्षात आलं.

“मॅडम, चार नंबरला पाणी गेलं.”

“किती?”

“समदंच. अकरा मीटरला. टाकतोय तेवढं गिळतंय. थेंबभर माघारी येईना.”

बोअर मारताना आत पाणी सोडतात आणि ते दगडाचा चुरा घेऊन वर येतं. वर आलं नाही, तर खाली भेग आहे आणि ती कुठेतरी जाते. वैजयंती साळवी पंधरा वर्षं जमिनीखालच्या पाण्याचाच अभ्यास करत होती. तिला यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती. तिने वहीतली नोंद वाचली, खाली तारीख घालून सही केली आणि उताराकडे बघितलं. पायथ्याशी, साडेतीनशे मीटरवर, वावळ्याचा पाडा होता. आगऱ्यांची नऊ घरं, आंब्याची दोन झाडं आणि एक विहीर.

डोंगर नावड्याच्या पलीकडे होता. काम एका सरकारी खात्याचं होतं आणि ते वैजयंतीच्या कंपनीला, बेलापूरच्या ‘भूवेध’ला, मिळालं होतं. प्रयोगशाळांतून आणि हॉस्पिटलांतून निघणारा सौम्य किरणोत्सारी कचरा, म्हणजे हातमोजे, गाळण्या, टाक्यांच्या तळाचा गाळ, पिंपांत भरून जमिनीखाली काँक्रीटच्या कोठ्यांत पुरायचा होता. त्यासाठी पाहिलेल्या चार-पाच जागांपैकी ही एक. त्या कचऱ्याचा जोर ओसरायला तीनशे वर्षं लागतात. तेवढ्या काळात तो पाण्यातून कुणा माणसापर्यंत पोचेल का, याचं उत्तर ‘भूवेध’ने द्यायचं होतं. पाड्यातल्या लोकांना एवढंच सांगितलेलं की पाण्याची पाहणी चालू आहे.

‘भूवेध’चे प्रमुख मधुकर देवस्थळी साठीला आलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. वैजयंतीला पहिली नोकरी त्यांनीच दिली होती. तिने चार नंबरची वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून ती दोनदा वाचली.

“बोअर ढासळला असेल.”

“ढासळला नाही, सर. मी तिथेच होते.”

“सहापैकी पाच बोअर उत्तम आहेत, वैजयंती. एकावरून अख्खा डोंगर नापास करायचा का? आणि हा प्राथमिक अहवाल आहे. पुढे खातं स्वतःचे वीस बोअर घेईल. त्यात काय असेल ते येईलच वर.”

“मग चारचं काय लिहायचं?”

“सदोष असल्यामुळे विचारात घेतला नाही, असं लिहा.”

ते वाक्य देवस्थळींनी सांगितलं, पण लिहिलं वैजयंतीने. नेरूळच्या फ्लॅटमध्ये टेबलाशी बसून, चहा घेत, एका बैठकीत तिने तो परिच्छेद पुरा केला. तेव्हा तिला फार काही वाटलंही नाही.

वाटायला लागलं ते मे महिन्यात, सगळी गणितं पुरी झाल्यावर. उरलेल्या पाच बोअरांच्या सरासरीने पाणी कोठ्यांपासून पाड्याच्या विहिरीपर्यंत पोचायला दोनशे पंधरा वर्षं लागत होती. काँक्रीट शंभर वर्षं टिकेल असं धरलेलं. दोन्ही मिळून तीनशे पंधरा. जागा पास झाली होती, पंधरा वर्षांनी. वैजयंती दुपारभर त्या आकड्यापुढे बसून राहिली. मग तिने चार नंबरचा विचार करून गणित पुन्हा मांडायला घेतलं आणि लक्षात आलं की ते मांडताच येत नाही. भेग कुठे जाते हेच कुणाला माहीत नव्हतं.

तिने हौसेरावला फोन केला.

“चार नंबरात मीठ सोडून बघायचंय. पाड्याच्या विहिरीत येतंय का, किती दिवसांत येतंय, ते मोजू.”

“सायबांना ठावं हाय?”

“नाही.”

“मग आयतवारी जाऊ. रविवारी तिथं कुणी नसतं.”

मीठ निरुपद्रवी असतं आणि पाण्यात किती विरघळलंय ते हातात मावणाऱ्या यंत्रावर लगेच कळतं, म्हणून तिने मीठ घेतलं. चार पोती. हौसेरावने टँकरच्या पाण्यात ती विरघळवली आणि दुपारपर्यंत सगळं पाणी चार नंबरने पिऊन टाकलं. एवढं मीठ डोंगरभर पसरेल, विहिरीत आलंच तर चवीला कळण्याइतकंही येणार नाही, यंत्रालाच समजेल, असा वैजयंतीचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी पाड्यात जाऊ लागली. विहिरीत यंत्राची तार सोडायची, आकडा टिपायचा. पाणी खाली गेलेलं होतं, तळाशी जेमतेम पुरुषभर. काठावर बहुतेक वेळा धोंडूबाई असे. पंचावन्नच्या पुढची, काटक, कासोटा घट्ट मारलेली. तिचं माहेर घणसोलीचं, बाप खाडीवरच्या मिठागरात काम करायचा. तिचा नवरा शिवराम तळोज्याच्या एका कारखान्यात होता. हृदय अधू झाल्यावर त्याने नोकरी सोडली होती. तो ओटीवर खाटेवर बसलेला असायचा, पाय उशीवर ठेवलेले. पाय सुजायचे.

“डाक्टरनी मीठ तोडलाय त्याचा,” धोंडूबाईने एकदा सांगितलं. “त्याचा कालवन मी येगला करतंय. मिठागरवाल्याचा जावई, आन अलनी खातंय.”

शिवराम खाटेवरून हसला. वैजयंतीही हसली. यंत्रावरचा आकडा त्या दिवशी नेहमीचाच होता.

नवव्या दिवशी तो तिप्पट झाला. तिने तार वर घेतली, पुसली, पुन्हा सोडली. तोच आकडा. अकराव्या दिवशी तो नेहमीच्या दसपट होता. त्या सकाळी धोंडूबाई कळशी भरून न घेता काठावर बसून होती.

“बाय, पानी खारा झायलाय.”

“उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की होतं थोडंसं, मावशी.”

“चाळीस वर्सांत नाय झायला.” धोंडूबाईने ओंजळीतलं पाणी पुन्हा तोंडात घेतलं, जिभेवर फिरवलं आणि बाजूला थुंकली. “ह्या खाडीचा पानी नाय. खाडीचा मागून कडू लागतं. ह्या मीठ हाय. नुसता मीठ.”

वैजयंतीने मान खाली घालून वही पिशवीत टाकली. “नमुना नेते मी तपासायला. तोवर दुसरीकडून पाणी मिळेल का प्यायला?”

“कुठशी? कालव्यावर अर्धा कोस जायला लागल.”

ती त्याच पावली बेलापूरला गेली आणि देवस्थळींना सगळं सांगितलं. चार पोती, नऊ दिवस, आकडे. दोनशे पंधरा वर्षं म्हटलेलं पाणी नऊ दिवसांत पोचलं होतं. देवस्थळी रागावले नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं.

“परवानगी कुणाची घेतलीत?”

“कुणाचीच नाही.”

“कळलं. हे लपवता येणार नाही आता, आणि मी लपवणारही नाही. खात्याला कळवतो. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत पाड्यात एक अक्षर बोलू नका. आपण कुणाच्या विहिरीत मीठ घातलंय, न सांगता. पोलीस केस होईल. तुमच्यावर, हौसेराववर, माझ्यावर.”

“ते लोक पाणी पितायत, सर. एक हार्ट पेशंट आहे तिथे.”

“मी खात्याला टँकर पाठवायला सांगतो. आजच सांगतो.”

तिथून बाहेर पडताना वैजयंतीला हलकं वाटलं होतं, हे तिला पुढे फार वर्षं आठवत राहिलं. आपण खरं ते सांगितलं, आता जागा रद्द होईल, असं तिला वाटलं होतं. तिने दहा दिवस पाड्यात पाऊल टाकलं नाही. टँकर गेला की नाही हे ती रोज फोनवर विचारत होती आणि रोज ‘आज निघतोय’ असं उत्तर मिळत होतं. निघाला तो दहाव्या दिवशी.

अकराव्या दिवशी बेलापूरलाच बैठक झाली. खात्याकडून तीन जण आले होते. त्यांच्यातला प्रमुख पन्नाशीचा, नीटनेटका अधिकारी होता. त्याने वैजयंतीचे आकडे वाचले होते, तेही बारकाईने.

“मॅडम, काम व्यवस्थित केलंय तुम्ही,” तो म्हणाला. “भेग आहे, ती विहिरीपर्यंत जाते, मान्य. आता मला सांगा, धोका नेमका कशातून येतो?”

“पाण्यातून.”

“पाणी तर जगात सगळीकडे असतं. कुणीतरी ते प्यायलं तर धोका. म्हणजे धोका विहिरीतून येतो. बरोबर?”

त्याने नकाशा उलगडला.

“ही विहीर आज खारी आहे. पिण्यास अयोग्य आहे, तुमच्याच मोजणीनुसार. तर ती बंद करावी लागेल. लोकांच्या आरोग्यासाठी तेच योग्य. नऊ कुटुंबं आहेत, त्यांना नावड्याला कॉलनीत खोल्या देता येतील, नळाच्या पाण्यासकट. विहीर गेली की त्यानंतरची सगळ्यात जवळची विहीर ही इथे, साडेतीन किलोमीटरवर, मधे दोन ओढे. तेवढ्या अंतराचं गणित करा. मला वाटतं जागा पास होईल.”

“पण ती खारी आम्ही केलीय,” वैजयंती म्हणाली. “दोन पावसाळ्यांत धुऊन जाईल. ती गोड्या पाण्याची विहीर आहे.”

“अहवालात फक्त आजची स्थिती येते,” तो शांतपणे म्हणाला. “आणि नळाचं पाणी मिळतंय त्यांना, मॅडम. वाईट काय आहे त्यात?”

देवस्थळी समोरच्या कागदाकडे बघत होते. वैजयंती उठली, पिशवी घेतली आणि रिक्षा करून थेट पाड्यात गेली.

धोंडूबाईच्या दाराला कडी होती. शेजारणीने सांगितलं की शिवरामला आठवड्यापूर्वी पनवेलला दवाखान्यात नेलंय, त्याला श्वास घेता येईना. रिक्षावाला थांबलेलाच होता. चार वाजायच्या सुमारास वैजयंती वॉर्डात पोचली. शिवराम उशांना टेकून बसला होता, नाकात नळी, पाय गुडघ्यापर्यंत फुगलेले. डोळे मिटलेले. धोंडूबाई खाली फरशीवर बसली होती. वैजयंतीला बघून ती बाजूला सरकली आणि तिला बसायला जागा केली.

“तू आली? कुनी सांगितला?”

वैजयंती तिच्याशेजारी फरशीवर बसली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

“मावशी, विहिरीत मीठ मी घातलं. वर डोंगरात बोअर आहे, त्यात चार पोती टाकली. पाणी वरून विहिरीत येतं का ते बघायचं होतं. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. आलं तेव्हा मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

धोंडूबाईने शिवरामच्या पायांवरची चादर सारखी केली.

“मी तुला इचारला होता,” ती म्हणाली. “कुठशी पानी आनू म्हनून. तू गेली.”

“हो.”

“मी कालव्याचा पानी आनत होतंय त्याच्यासाठी. रोज नाय जमला. माझा गुडघा हाय. ज्या दिसी नाय जमला त्या दिसी विहिरीचा दिला. भात त्यातच शिजत होता.” तिने खाटेकडे बघितलं. शिवराम झोपला होता की ऐकत होता ते कळत नव्हतं. “कशाला बघायचा होता तुला, पानी येतं का?”

वैजयंतीने तेही सांगितलं. कचरा, कोठ्या, तीनशे वर्षं, आणि आज दुपारी बैठकीत काय ठरलं ते. मधे एक नर्स येऊन सलाईन बघून गेली. धोंडूबाईने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे आमाला वाचवायला तू ह्या केला.”

“हो.”

“जा तू आता,” धोंडूबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “उद्या ये पायजे तर. आता जा.”

दुसऱ्या दिवशी वैजयंती गेली, आणि नंतरही जात राहिली. डॉक्टरांना तिने मिठाचं सांगितलं. ते म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, मिठाने भर पडली असेल, किती ते सांगता येणार नाही. शिवराम जुलैत वारला. किती ते सांगता येणार नाही, हे शब्द वैजयंती स्वतः अहवालांत अनेकदा वापरत असे.

त्याआधी, जूनमध्ये, सुधारलेला अहवाल तिच्यापुढे सहीला आला होता. विहीर नकाशातून काढलेली होती. नवं गणित कंपनीतल्याच दुसऱ्या कुणीतरी केलं होतं, आणि चुकलेलं नव्हतं. साडेतीन किलोमीटर धरल्यावर जागा खरंच पास होत होती. वैजयंतीने सही करायला नकार दिला. देवस्थळींनी अर्धा तास तिची समजूत घातली, मग स्वतःचं पेन काढून सही केली.

“माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत,” ते म्हणाले. “तुम्ही तरुण आहात. दुसरीकडे मिळेल तुम्हाला.”

तिने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. चार नंबरची मूळ नोंद, मिठाचे आकडे आणि विहीर कशी खारी झाली याची हकिगत लिहून तिने खात्याला आणि जिल्हा कार्यालयाला पत्रं पाठवली. हौसेरावने आपली वही तिला दिली आणि पत्रावर स्वतःचंही नाव घालायला लावलं. पोलीस कुणाकडेच आले नाहीत. हौसेरावला ‘भूवेध’ने पुन्हा काम दिलं नाही, तो पावसाळ्यानंतर गावी, वाईकडे, निघून गेला.

दिवाळीपर्यंत नऊ कुटुंबं नावड्याला आली. खोलीला एक खिडकी, नळ सकाळी दोन तास. पाड्याच्या विहिरीत दगडखाणीतला भुगा आणि मोठे दगड टाकून ती काठापर्यंत भरली, डोंगराला तारेचं कुंपण पडलं. वैजयंतीला पनवेलच्या एका कॉलेजात तासिकेवर काम मिळालं. महिन्यातून एकदा ती धोंडूबाईकडे जायची. सुरुवातीला धोंडूबाई दारातच बोलून तिला परत पाठवायची. मग कधीतरी आत बसायला सांगू लागली. ती कॉलनीतल्या दोन घरी भाकऱ्या करून द्यायची. शिवरामबद्दल ती वैजयंतीपुढे बोलत नसे.

१९९८च्या डिसेंबरात वैजयंतीला जुन्या ओळखीतून कळलं की खात्याने दुसऱ्या राज्यातली जागा पक्की केली आहे. नावड्याच्या पलीकडचा डोंगर यादीतून वगळला होता. तिचं पत्र त्याला कारण होतं का, हे तिने विचारलं. सांगणाऱ्याला पत्राबद्दल काही माहीत नव्हतं. दुसरी जागा रेल्वेला जवळ पडते, असं तो म्हणाला.

ती दुपारीच नावड्याला गेली. धोंडूबाई पिठाचे हात धूत होती.

“तिथे काही होणार नाही आता, मावशी. रद्द झालं.”

“मंग आमी परत जायाचा?”

“कुंपण तसंच आहे. जमीन अजून खात्याकडे आहे.”

“विहीर?”

“दगड उपसावे लागतील. खाली पाणी असणार. आता गोडं झालं असेल. पण परवानगी लागेल.”

धोंडूबाईने हात पुसले, फळीवरून पेन्सिल आणि वहीचे दोन कागद काढून तिच्यापुढे ठेवले. “अर्ज लिही. मना नाव लिवता येतं, बाकीचा नाय.”

वैजयंतीने जमिनीवर बसून अर्ज लिहिला. पेन घरीच राहिलं होतं, म्हणून पेन्सिलीनेच. कुंपण काढावं, विहीर उपसून द्यावी, घरांच्या जागा परत द्याव्यात. खाली नऊ कुटुंबप्रमुखांची नावं लिहायची होती. धोंडूबाई एकेक सांगत गेली, ती लिहीत गेली. आठ झाली.

“तुमच्या घराचं? धोंडूबाई लिहू ना?”

“त्याचा लिही. शिवराम.”

वैजयंतीने नावाआधी ‘कै.’ लिहायला घेतलं. धोंडूबाईला वाचता येत नव्हतं, पण आपल्या माणसाच्या नावाला अक्षरं किती लागतात ते तिला ठाऊक होतं.

“त्याच्याफुडं काय नको लावू,” ती म्हणाली. “नुसता शिवराम.”

वैजयंतीने ते अक्षर खोडलं आणि नुसतं शिवराम लिहिलं. घरी जाऊन तिने अर्ज पेनाने नीट उतरवून काढला आणि दुसऱ्या आठवड्यात खात्याच्या बेलापूरच्या कार्यालयात दिला. पोच मिळाली. जूनमध्ये तिने पुन्हा एक दिला, त्याचीही पोच मिळाली. उत्तर एकाचंही आलं नाही.